घराकडे पाठ करून काढलेले फोटो (गावच्या फोटोंचे अनुभव सांगा)

खळ्यातली मांजर
काल संध्याकाळी दादरच्या पुलावर गर्दीत अडकले होते आणि फोनने आपणहून "सहा वर्षांपूर्वी आजच्या दिवशी" म्हणून गावच्या डोंगराचा फोटो समोर टाकला. ढग खाली टेकलेले, भाताच्या कुणग्यांत पाणी, मधून लाल पाणंद. तिथेच उभी राहिले तर मागून शिव्या पडल्या.

आमचं गाव देवगड तालुक्यात, समुद्रापासून बरंच आत. घर गेल्या मे महिन्यात उतरवलं. चार चुलत्यांचं सामाईक, वाशांना वाळवी, दरवर्षी कौलं कोण चाळणार, सगळं खरंच होतं, माझी तक्रार नाही. आता स्लॅबचं झालंय. आई म्हणाली वास्तुशांतीच्या आधी जुन्या घराचा एक फोटो मोठा करून हॉलात लावूया. म्हटलं त्यात काय, माझ्याकडे ढिगाने आहेत. रात्री बसले शोधायला. ९४० निघाले, मोजले मी. डोंगर, डोंगरावर ढग, डोंगराशिवाय ढग, फणस, सूर्यास्त, फणसामागे सूर्यास्त. घराचा एकही नाही! कारण दरवेळी मी पायरीवर उभी राहून समोरचं काढलंय, पाठ घराकडे. एकात कोपऱ्यात अर्धं कौल आलंय आणि एकात दोरीवर काकांचा पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा.

आजी ओरडायची, "गे बाय, त्या डोंगराचो फोटो कित्याक काढतंस, तो खंय पळान जाता?"

तर लिहा तुमचे अनुभव, बरेवाईट कसेही. घराचा फोटो कुठून मिळवावा हे सुचलं तर तेही सांगा.

लोकल ८५२
आमच्याकडे डोंगर पळाला. मुंबई गोवा हायवे चौपदरी करताना समोरची टेकडी अर्धी कापली. घर आहे तस्संच आहे. २०१३ चा फोटो आहे माझ्याकडे, टेकडीवर सातवीणाचं झाड, खाली गुरं. आता तिथे रात्रभर ट्रकच्या लायटी, ओटीवर बसलं की वाटतं वाशीच्या पुलावर बसलोय.

खळ्यातली मांजर
अरे देवा. आजीला हे सांगायला हवं होतं.

याशिकावाला
आत्ताच्या पोरांना कळणार नाही पण रोल ३६ चा असायचा आणि तो गणपतीत भरला तर दिवाळीला संपायचा. १९९३ ची मे महिन्याची सुट्टी, मी आठवीत, मामाचा याशिका एमएफ टू कॅमेरा घेऊन आम्ही सगळे लालबागवरून एसटीने गावी, तेव्हा कोकण रेल्वे कुठली, ती पूर्ण सुरू झाली ९८ ला, रात्रभर कशेडीच्या घाटात ओकत जायचं. बाबांनी आधीच दम दिलेला, झाडाबिडांवर रोल फुकट घालवायचा नाही, माणसं काढायची. मग काय, रोज कोणीतरी नवीन शर्ट घालून अंगणात उभं. मी चोरून एकच काढला, आगोटचं, म्हणजे पावसाच्या तोंडावरचं, काळं आभाळ आणि त्याखाली पिवळाधम्मक उजेड पडतो ना, तो. आयुष्यात इतका मनापासून फोटो काढला नसेल.
तर ३६ झाले, ३७ झाले, ३८, ४०, रोल पुढे जातोच आहे! मामा खूष, म्हणे दुकानदाराने जास्तीचा भरून दिला. मुंबईला येऊन धुवायला टाकला तेव्हा कळलं की रोलचं टोक आतल्या दांडीला अडकलंच नव्हतं, नुसतं चाक फिरत होतं. अख्खा रोल कोरा. रोल मामाने भरलेला पण घरात अजूनही ते माझ्याच नावावर आहे.
मांजरताई, तुम्ही जुने लग्नाचे अल्बम बघा. नवरीच्या मागे मांडव आणि मांडवामागे घर असतंच.

खळ्यातली मांजर
आमच्याकडची सगळी लग्नं परळ दादरच्या हॉलमध्ये झाली हो. मागे लाल सिंहासन.

पाटपाणी
लाल सिंहासन हाहाहाहा. आणि थर्माकोलचे दोन मोर.

उसात हरवलेला
कराडजवळचा आहे. आमच्याकडे निसर्ग म्हणजे ऊस. चार दिशांना चार फोटो काढले, चारी सारखेच. बायको (माहेर मालवण) म्हणाली एकच पाठवायचा होतास की. चालू द्या तुमचं.

सड्यावरची
राजापूरची मी, राहायला बोरिवली. सगळे गणपतीत डोंगर नदी काढतात पण आमचा सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, कोणी बघतच नाही. उन्हाळ्यात नुसता काळा तवा असतो, पण भाद्रपदात त्या जांभ्यावर बोटभर मातीत जी फुलं येतात ती बघायला लोक कासला तिकीट काढून जातात. सीतेची आसवं तर गालिचाच. निळंजांभळं नखाएवढं फूल आणि ते चक्क किडे खातं, मुळाशी बारीक पिशव्या असतात त्यात पाण्यातले जीव ओढून घेतं, हे मी शाळेत शिकवते तेव्हा पोरांचा विश्वास बसत नाही.
त्याचा फोटो उभ्याने येत नाही, हिरव्यात जांभळा धूर दिसतो नुसता. पालथं पडावं लागतं. तर मी अशी ओल्या कातळावर पालथी, फोन जमिनीला टेकवलेला, श्वास रोखून, आणि लांबून गुरं घेऊन येणाऱ्या आजोबांनी बघितलं की मुंबईची सून सड्यावर पडलीय. त्यांनी आरडाओरडा करून वाडीतनं चार माणसं कांदा आणि चप्पल घेऊन आणली. सासूबाईंनी नंतर दृष्ट काढली. फोटो मात्र झकास आलाय.
आणि हो, सड्यावर कातळशिल्पं बघायची तर दुपारी जाऊ नका. ऊन डोक्यावर असलं की रेघा पुसल्यासारख्या होतात. सकाळी लवकर किंवा चार साडेचारनंतर उजेड तिरपा पडतो, रेघेत सावली बसते आणि मग मासा, माणूस, हत्ती वर उठून येतात. लहानपणी आम्ही त्याच चौकटींत लंगडी खेळायचो, आता बाजूला दगडी कुंपण.

पाटपाणी
चप्पल हुंगवली का शेवटी?

सड्यावरची
हो. पावसात भिजलेली.

गिरगावकरीण
मला गावच नाही. पाचवी पिढी गिरगावात, मे महिन्यात अख्खी चाळ रिकामी व्हायची आणि आम्ही दोन घरं आणि मांजरं उरायचो. जूनमध्ये सगळ्यांचे अल्बम यायचे बघायला, हा आमचा माड, ही आमची विहीर. मी पण एकदा चौपाटीचा फोटो दाखवून "हा आमच्या गावचा समुद्र" म्हटलं होतं. कोणी हसलं नाही, मोठी माणसं चांगली होती. वाचतेय सगळं.

सड्यावरची
@गिरगावकरीण अगं तू ये गं माझ्याबरोबर. खरंच सांगते. फक्त पालथं पडायची तयारी ठेव.

लोकल ८५२
येईल पण रेल्वेचं तिकीट कुठून आणाल? आधी १२० दिवस आधी निघायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस केलंय. फरक शून्य. सकाळी ८ ला गणपतीचं बुकिंग उघडतं, ८ वाजून २ मिनिटांनी मी वेटिंग ३१२. चहा पण फुंकून झालेला नसतो.

याशिकावाला
एसटीचं ग्रुप बुकिंग करा हो. वाडीतली चाळीस माणसं जमली की गाडी थेट वाडीत येते.

लोकल ८५२
चाळीस जमतात, पण निघायच्या वेळेवर चाळीस मतं.

काजवा नाय दिसला
गाव अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या बाजूला. मे संपता संपता काजव्यांसाठी मुंबई पुण्याच्या गाड्यांची रांग लागते, आमच्या घराच्या मागे तर फुकटात आहेत. मागच्या वर्षी ट्रायपॉड नेला. ३० सेकंद शटर उघडं ठेवायचं, असे पंधरावीस फोटो एकावर एक चढवायचे, तेव्हा ते झाड पेटल्यासारखं दिसतं. एकाच फोटोत येतं असं वाटणाऱ्यांसाठी सांगतोय. सगळं सेट, काळोख, बारावा फोटो चालू, आणि बाबा बॅटरी घेऊन "अरे जेवायचंय का नाय" करत हिरड्याच्या खालून चालत आले. मी ओरडलो तर त्यांनी बॅटरी सरळ कॅमेऱ्यावर मारली. बाराव्या फोटोत पांढरा नाग गेल्यासारखी रेघ आहे आणि शेवटी स्फोट. आणि काजवे विझले ते विझलेच, उजेड दिसला की त्यांचं आपसातलं बोलावणं बंद पडतं. टुरिस्ट लोक गाडीच्या हेडलाइट लावून काजवे शोधतात तेव्हा हसावं का रडावं.
तो एकच फोटो बाबांना आवडला. त्यांच्या डीपीला आहे.

रोठा
उशिरा लिहितोय. आमचं श्रीवर्धनजवळ, नारळ सुपारीची वाडी. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा मी लालबागला खोलीत अडकलेलो, लॉकडाऊन, गावचा फोन चार दिवस बंद. पाचव्या दिवशी भावाचा एक फोटो आला. आधी मला कळेचना कुठला आहे. आमच्या वाडीत दुपारी बाराला पण काळोख असायचा, सुपारीवर सुपारी, वर माड, त्या फोटोत नुसतं आकाश होतं आणि लांबवर शेजाऱ्यांचं घर. ते घर मागच्या पडवीतून दिसतं हेच मला चाळीस वर्षांत माहीत नव्हतं.
तुम्ही म्हणताय तसं माझ्याकडे पण आधीचे भारंभार फोटो होते. इतर वेळी बायको म्हणायची किती तेच तेच काढतोस. पंचनाम्याच्या वेळी भावाने आडव्या पडलेल्या खोडांतून मोजायला सुरुवात केली, चारपाच एकावर एक, ताळमेळ लागेना. मग मी इथे रात्री फोटो झूम करून ओळी मोजायचो आणि त्याला फोनवर सांगायचो, विहिरीकडून तिसरी ओळ, चौदा. तो तिथे मेणबत्तीत लिहून घ्यायचा. आम्ही दोघं भाऊ इतके कधी बोललो नव्हतो.
नवीन रोपं लावलीत. सुपारी धरायलाच सहासात वर्षं जातात, माडाचं वेगळंच. दरवर्षी त्याच जागेवरून एक फोटो काढतो. शेजाऱ्यांचं घर अजून दिसतंय.

सड्यावरची
दोनदा वाचलं. काळजी घ्या दादा.

गिरगावकरीण
विहिरीकडून तिसरी ओळ, चौदा…

पानफुटी
माझा अनुभव फोटोचा नाही, बुरशीचा आहे. चांगला डीएसएलआर घेतला, गणपतीत गावी नेला, आल्यावर बॅगेत तसाच कपाटात. दिवाळीत काढला तर लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखं पांढरं. फोर्टात बोरा बाजारात दाखवला तर दुरुस्तीवाले काका बघूनच म्हणाले, कोकण का? दरवर्षी सप्टेंबरनंतर हेच येतं म्हणे. त्यांचा सल्ला फुकट वाटतेय: पावसातून आणलेला कॅमेरा बॅगेत कोंडायचा नाही, पंख्याखाली सुकवायचा, मग घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर. निळे खडे गुलाबी झाले की तव्यावर मंद गरम करून परत निळे होतात. आणि वापरत राहायचा, पडून राहिला की बुरशी धरतेच. (सासरे लगेच म्हणाले माणसाचं पण तसंच. रिटायर झाल्यापासून सगळ्यावर हेच वाक्य.)
आणि फोनवाल्यांनो, तुमचा फोन हिरव्याला इतकं हिरवं करतो की भात नाही शेवाळ वाटतं, आणि लाल माती केशरी. ते आपोआप रंग वाढवणं बंद करा आधी.

खळ्यातली मांजर
मिळाला!!!! ऐका. चुलतभावाला सांगितलं तर म्हणाला आमच्याकडे पण डोंगरच. मग धाकट्या काकीने पेटीतून काढला. काकांनी १९९९ ला स्प्लेंडर घेतली तेव्हाचा. गाडीला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, काका गॉगल लावून, आजी आरतीचं ताट घेऊन वैतागलेली, आणि मागे अख्खं घर! पडवी, पाचही खांब, कौलावरचा भोपळ्याचा वेल, मीटरची पेटी, सगळं. म्हणजे आमच्या घराचा एकुलता एक फोटो हा बाईकचा फोटो आहे.
पण काकीने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलाय तो प्लॅस्टिकच्या आतूनच, वर ट्यूबलाइट चमकतेय बरोब्बर आजीच्या डोक्यावर. मोठा करायचा तर काय करू?

पानफुटी
प्लॅस्टिकमधून काढायला सांग, चिकटला असेल तर ओढायचा नाही, कोपऱ्यापासून हळू. खिडकीजवळ उजेडात सपाट ठेवून वरून सरळ काढायचा, फ्लॅश बंद, ट्यूब बंद. आणि पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप पिळून टाकतं. कोणी येणारं असेल तर मूळ फोटोच मागव आणि इथे स्कॅन कर, ते सगळ्यात बरं.

याशिकावाला
बघा, मागे घर असतंच म्हणालो होतो. नवरी नाही तर स्प्लेंडर.

खळ्यातली मांजर
आईचं म्हणणं गाडी कापून टाक. पण गाडी कापली तर पायरी जाते आणि आजी पण. काकांना कळलं की त्यांचा गॉगलवाला फोटो हॉलात लागणार, ते आता फ्रेमचा खर्च द्यायला तयार आहेत.

उसात हरवलेला
गाडी चालू आहे का अजून? अ‍ॅव्हरेज किती देते?

खळ्यातली मांजर
चालू आहे. काका सत्तर सांगतात, काकी म्हणते चाळीस.