विधवा प्रथाबंदीचा ठराव आमच्या गावात करायचा आहे, सुरुवात कुठून करू?

शिरोळची_लेक
नमस्कार. केनेडी-लुगर एक्सचेंज कार्यक्रमातून अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये एक वर्ष शिकून परत आले आहे. स्त्रियांचे हक्क आणि मानवी हक्क यावर गावातच काम करायचं ठरवलंय. गाव शिरोळ तालुक्यात, हेरवाड जवळच. आमच्याकडे अजून नवरा गेला की बाईचं कुंकू पुसतात, बांगड्या फोडतात. ठराव कसा करून घ्यायचा? संस्था काढावी का? तिकडचं होस्ट कुटुंब थोडे पैसे पाठवायला तयार आहे, ते घेतले तर चालतील का?

ग्रामसभा_कट्टा
ताई, हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला तो ४ मे २०२२ चा. शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या दोन दिवस आधीचा. त्याच महिन्यात, १७ मेला, ग्रामविकास विभागाने हेरवाडचा कित्ता गिरवा असं सांगणारं परिपत्रक सगळ्या ग्रामपंचायतींसाठी काढलं. त्या परिपत्रकाची प्रत काढून ग्रामसेवकांकडे जा. "असा विषय घेता येत नाही" हे उत्तर तिथंच मिटतं.

विषय लेखी द्या आणि पोच घ्या. ग्रामसभेच्या नोटिशीत, म्हणजे विषयपत्रिकेवर, तो छापून यायला हवा. ऐनवेळच्या विषयांत घुसवलेला ठराव मंजूर होतो खरा, पण दुसऱ्या दिवशी "आम्हाला माहीतच नव्हतं" म्हणणारे निम्मं गाव असतं. ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घेणं कायद्यानेच बंधनकारक आहे. बऱ्याच ठिकाणी ती कागदावरच होते. ती खरी घ्यायला लावा, दवंडी देऊन आणि बायकांना शेतातून परत यायला जमेल अशा वेळेला. बचत गटांच्या अध्यक्षा आणि आशाताई आधी तयार झाल्या की सभा भरते. ग्रामसभेचा कोरम एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यापैकी जो कमी तो.

सूचक आणि अनुमोदक यांपैकी एक तरी बाई असू द्या. जमल्यास स्वतः विधवा असलेली, पण तिची मनापासून तयारी असेल तरच. ठरावात "अनिष्ट प्रथा बंद कराव्यात" एवढंच मोघम लिहू नका. कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे, बांगड्या फोडणे, हळदीकुंकवाला न बोलावणे, असं एकेक नाव घालून लिहा. सभा संपल्यावर इतिवृत्तात तेच शब्द उतरलेत का ते बघा आणि सही-शिक्क्याची नक्कल घ्या.

आता खरी अडचण. ठरावाला शिक्षेचा आधार नाही, तो गावाने गावाला दिलेला शब्द आहे. प्रथा पार पाडली जाते मृत्यूनंतर काही तासांत, आणि करणाऱ्या बहुधा परगावच्या नातेवाईक बायका असतात, ज्यांना तुमचा ठराव ठाऊकच नाही. म्हणून प्रत्येक गल्लीत दोन-तीन बायकांची जबाबदारी आधीच वाटून ठेवा. निरोप आला की त्यांनी त्या घरी जाऊन बाईजवळ बसायचं, कुणी हात लावायला आलं तर थांबवायचं. रक्षाविसर्जनाच्या दिवशीही तसंच. तिथं भाषण नको, नुसतं जवळ असणं पुरतं. बाईने स्वतःहून काही उतरवायचं ठरवलं तर तिला अडवू नका, तोही तिचाच हक्क.

वकीलीण_बावडा
वरचं सगळं बरोबर. पण कुंकू राहिलं आणि जमीन गेली असं होऊ देऊ नका. मला तर हीच बाजू जास्त महत्त्वाची वाटते, कारण इथं बाईचं नुकसान कायमचं होतं.

नवऱ्याने मृत्युपत्र केलं नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे विधवा पहिल्या वर्गातली वारस आहे, मुलांइतकाच तिचा हिस्सा. पुन्हा लग्न केलं तरी तो जात नाही, ते जुनं कलम २००५ मध्ये रद्द झालं. क्रम असा: मृत्यूचा दाखला, मग तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज, सोबत वारसांचं प्रतिज्ञापत्र. मृत्यूनंतर तीन महिन्यांत कळवायचं असतं. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही, पण तेवढ्यात दुसरंच कुणी नोंद करून बसतं. फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदीतला नावाचा बदल, धरला की नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी मंजूर करतात. या १५ दिवसांत सातबारा आणि फेरफार ऑनलाइन बघत राहा. प्रतिज्ञापत्रात बाईचं किंवा मुलींचं नाव गाळलेलं असतं ते इथंच सापडतं. सापडलं की तलाठ्याकडे लेखी हरकत द्या आणि पोच घ्या.

दुसरा धोका हक्कसोडपत्राचा, म्हणजे आपला वाटा सोडल्याच्या कागदाचा. दिवस घालायच्या गडबडीत "पेन्शनचे कागद आहेत, सही कर" म्हणून सही घेतली जाते. जमिनीचं हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवल्याशिवाय चालत नाही, त्यामुळे बाईला तालुक्याला नेऊन अंगठा आणि फोटो घ्यायला लागले तर ते पेन्शनचे कागद नव्हेत. गावातल्या प्रत्येक बाईला हे एक वाक्य पाठ करायला लावा.

सासरचे घराबाहेर काढत असतील तर कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ खाली सामायिक घरात राहण्याचा हक्क मागता येतो. विधवेलाही तो हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. अर्ज संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. वकिलाची फी लागत नाही: स्त्रियांना मोफत विधी सेवा मिळते, उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या किंवा १५१०० ला फोन करा. मारहाणीचं प्रकरण आलं तर तुम्ही समेट घडवायला बसू नका, १८१ (महिला हेल्पलाइन) किंवा ११२ (पोलीस) ला फोन लावा.

हिशोबनीस
पैशांचं सांगतो. होस्ट कुटुंबाकडून सामाजिक कामासाठी एक रुपयाही घेऊ नका, तुमच्या खात्यावर नाही आणि मंडळाच्या खात्यावरही नाही. परदेशी नागरिकाने सामाजिक कार्यक्रमासाठी दिलेली रक्कम ही परकीय अंशदान, त्याला २०१० च्या परकीय अंशदान (विनियमन) कायद्याखाली, म्हणजे एफसीआरएखाली, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. नोंदणीसाठी संस्था साधारण तीन वर्षं जुनी हवी, त्या काळात १५ लाखांचं काम दाखवावं लागतं. "ओळखीच्या मोठ्या संस्थेच्या खात्यावर घेऊ, मग त्यांनी आम्हाला द्यावेत" हा रस्ता २०२० पासून बंद आहे. त्यातून तुमच्याबरोबर तीही संस्था अडचणीत येते.

संस्थेची घाई नको. सात सभासद, १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा या दोन्हींखाली नोंदणी, धर्मादाय कार्यालय, दरवर्षी ऑडिट, आणि दरवेळी पदाधिकारी बदलले की बदल अर्ज. वरच्या कामाला यातलं काहीच लागत नाही. झेरॉक्स आणि एसटीचा खर्च गावातूनच निघेल.

शिरोळची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. होस्ट कुटुंबाला आजच कळवते. बायकांचे फोटो तिकडच्या मित्रमैत्रिणींना दाखवले तर?

वकीलीण_बावडा
लेखी संमती घेऊनच, आणि फोटो कुठं जाणार ते मराठीत समजावून. रक्षाविसर्जनाचे फोटो नकोतच. लैंगिक अत्याचाराचं प्रकरण असेल तर पीडितेची ओळख उघड होईल असं काहीही टाकणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद.

ग्रामसभा_कट्टा
आणि ताई, ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी निघते, म्हणजे तुमचा अर्ज त्याच्याही आधी ग्रामपंचायतीत पोचायला हवा. पुढची तारीख उद्याच विचारून घ्या.