विचर ३ : प्रत्येक शत्रूशी एकाच पद्धतीने लढणे का जमत नाही?

खामलावासी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. सीडी प्रोजेक्ट रेड या पोलिश कंपनीचा ‘द विचर ३’ हा राक्षसांची शिकार करण्याचा २०१५ सालचा गेम मी उशिरानेच खेळायला घेतला आहे. नागपुरात सध्या दुपारी घराबाहेर पाऊल टाकण्याची सोय नसल्यामुळे सुट्टीच्या दिवशी कूलरसमोर बसून व्हाइट ऑर्चर्ड या गेममधील सुरुवातीच्या भागाचा परिसर पिंजून काढणे सुरू आहे. काठिण्यपातळी ‘ब्लड अँड ब्रोकन बोन्स’ ही बऱ्यापैकी अवघड ठेवली आहे.

रस्त्यावरचे लुटारू आणि लांडगे यांच्याशी माझे बरे जमते. बाजूला सरकावे, दोन वार करावेत, पुन्हा सरकावे, एवढ्यावर काम भागते. परंतु उजाड वस्तीतल्या विहिरीजवळ जी नूनरेथ (भर दुपारी दिसणारी भुताटकी) आहे, तिच्यापुढे हीच पद्धत पूर्णपणे निष्प्रभ ठरते. तलवार तिच्या अंगातून आरपार गेल्यासारखी वाटते, तिचे आयुष्य (जीवनपट्टी) जेमतेम हलते, आणि निम्म्यावर आणले तरी ती एकाएकी अनेक रूपे घेऊन पुन्हा ताजीतवानी होते. नदीकाठचे ड्राउनर, म्हणजे पाण्यातले राक्षस, एकेकटे असताना किरकोळ वाटतात, पण चौघे मिळून आले की नाकी नऊ आणतात. त्यात या पातळीवर मेडिटेशन केल्याने (नायकाला ध्यानाला बसवल्याने) आयुष्य भरून येत नसल्यामुळे सगळी भाकरी आणि मांस संपत आले आहे. काठिण्यपातळी कमी करावी, की शत्रूनुसार लढण्याची काही निश्चित रीत आहे?

बर्डीचा_बाण

पातळी कमी करण्याची घाई करू नका. ती पर्यायांमधून केव्हाही बदलता येते, पण आपला प्रश्न बळाचा नाही. या गेममधील प्रत्येक राक्षस एक विशिष्ट अडचण घेऊन येतो आणि त्या अडचणीचे उत्तर बहुधा बेस्टियरीच्या (गेममधील राक्षसांच्या माहितीकोशाच्या) पानावर आधीच लिहिलेले असते. नूनरेथचे पान उघडून पाहावे. तेथे यर्डेन, मून डस्ट आणि तलवारीला लावायचे स्पेक्टर ऑइल ही तीन नावे दिसतील. त्यांपैकी मून डस्ट हा बॉम्ब आपल्याकडे इतक्या लवकर नसेल, परंतु यर्डेन ही जादूची खूण पहिल्या दिवसापासून हाताशी आहे आणि ही लढाई तिच्यावरच उभी आहे.

नूनरेथ मुळात निराकार असते, म्हणून आपले वार तिला नीट लागत नाहीत. यर्डेनचे जांभळे वर्तुळ जमिनीवर उमटवले आणि ती त्यात शिरली, की तिला शरीर येते आणि तिची गतीही मंदावते. म्हणून तिच्या मागे धावणे सोडून द्यावे. वर्तुळ टाकावे, स्वतः त्याच्या आत किंवा कडेला उभे राहावे आणि तिला आपल्याकडे येऊ द्यावे. ती आत आली की जलद वार तीन-चारच करावेत, कारण मोह आवरला नाही तर ती नखांनी हिसका देते किंवा डोळ्यांत धूळ फेकून क्षणभर आंधळे करते. तिने आपली प्रतिरूपे उभी केली की मूळ रूपाचा नाद सोडून आधी ती प्रतिरूपे फोडावीत. ती शाबूत असेपर्यंत तुमचे आयुष्य शोषून तिचे भरत राहते. मात्र प्रत्येकाला एक वार पुरतो. आपल्याला ती ‘पुन्हा ताजीतवानी’ होताना दिसते ती याच कारणाने.

जाता जाता एक गोष्ट. भर दुपारी विहिरीच्या काठी जाऊ नये, असे आमची रामटेककडची आजी बजावत असे, त्यामुळे टळटळीत उन्हात विहिरीपाशी उभी असलेली ही बाई परक्या देशातील आहे असे मला कधी वाटलेच नाही.

तेलंगखेडी_ताई

बाणदादांचे यर्डेनविषयीचे म्हणणे अगदी रास्त आहे, परंतु बेस्टियरी वाचली म्हणजे लढाई जिंकली असा समज होऊ नये, म्हणून थोडी भर घालते. सुरुवातीचे साधे ऑइल तलवारीला लावल्याने त्या जातीच्या शत्रूवरील मारा केवळ १० टक्क्यांनी वाढतो, आणि तोही २० वारांपुरता. पुढे सुधारित ऑइलने २५ आणि सर्वोत्तम ऑइलने ५० टक्के वाढ मिळते तेव्हा फरक डोळ्यांत भरतो. व्हाइट ऑर्चर्डमध्ये ऑइल अवश्य लावावे, पण ते लावूनही पाय चुकीच्या ठिकाणी पडले तर मरण ठरलेले आहे.

खरी ओढाताण स्टॅमिनाची, म्हणजे खुणा वापरायला लागणाऱ्या दमाची आहे. आरंभी एक खूण वापरली की स्टॅमिना रिकामा होतो, म्हणजे क्वेन या खुणेचे संरक्षक कवच आणि यर्डेनचे वर्तुळ ही दोन्ही एका दमात मिळत नाहीत. लढाई पेटण्यापूर्वी, अंतरावर असतानाच क्वेन अंगावर घ्यावे, स्टॅमिना भरेपर्यंत फक्त हुकवत राहावे आणि मगच यर्डेन टाकावे. या कारणासाठी सुरुवातीला जड चिलखत मला परवडत नाही, कारण त्याने स्टॅमिना भरण्याचा वेग घटतो.

ड्राउनरांच्या बाबतीत लोळण घेण्याची सवय मोडावी. लोळण आपल्याला दूर नेते आणि बरेचदा दुसऱ्या ड्राउनरच्या पुढ्यातच नेऊन सोडते. छोटी बगल दिली तर आपण वार चुकवूनही हाताच्या अंतरावर राहतो आणि लगेच उलट वार करता येतो. पाण्याकडे पाठ ठेवू नये, कारण ते पाण्यातून मागून वर येतात. चौघे एकवटले की इग्नी या खुणेने आगीचा एक झोत टाकावा. पेटलेला ड्राउनर काही क्षण तडफडत राहतो आणि तेवढ्यात बाजूचा एक संपवता येतो. चौघांनाही थोडे थोडे जखमी करण्यापेक्षा एकाला पूर्ण संपवलेले केव्हाही चांगले. माणसांशी लढताना मात्र उलट आहे. तेथे वार अडवून प्रतिवार करणे फार उपयोगी पडते, पण तीच युक्ती ग्रिफिनसारख्या मोठ्या उडत्या प्राण्यावर करू गेलात तर तोंडघशी पडाल, कारण त्याचा पंजा तलवारीने अडवता येत नाही.

खामलावासी

दोघांचेही मनापासून आभार. यर्डेनच्या कडेला उभे राहून तिला आत येऊ देण्याची युक्ती तंतोतंत लागू पडली आणि विहिरीचे प्रकरण मिटले. ताई, छोट्या बगलेचाही सराव सुरू केला आहे. आता दोन शंका उरतात. आयुष्य भरण्यासाठी अन्नाशिवाय दुसरा मार्ग कोणता? आणि पुढे घूल जातीचे जे प्राणी भेटतील, त्यांना ड्राउनरसारखेच हाताळावे का?

बर्डीचा_बाण

पहिल्या शंकेचे उत्तर ज्यांनी आपल्याला छळले त्या ड्राउनरांच्याच डोक्यात आहे. स्वॅलो हे औषध ड्राउनरचा एक मेंदू, सेलँडाइनची पाच फुले आणि ड्वार्वन स्पिरिटची एक बाटली यांपासून बनते. ते एकदाच बनवावे लागते. त्यानंतर पिशवीत कोणतेही तीव्र मद्य असले की मेडिटेशन करताच त्याचे घोट आपोआप भरतात, आणि साध्या स्वॅलोचे तीन घोट एका मोठ्या लढाईला पुरतात. त्यामुळे दारूच्या बाटल्या विकून टाकू नका. दुकानदार जे मोल देतो त्याच्या कितीतरी पट त्यांचा उपयोग आहे.

घूल आणि ड्राउनर दोघेही नेक्रोफेज (प्रेते खाणाऱ्या राक्षसांच्या जातीचे) असल्याने ऑइल एकच चालते, स्वभाव मात्र निराळा आहे. पुढे अल्घूल भेटेल, तो पाठीवरचे काटे ताठ करतो आणि त्या अवस्थेत त्याच्यावर वार केला तर इजा आपल्यालाच होते. तेथे अ‍ॅक्सी ही मन भारणारी खूण वापरावी, काटे खाली बसतात. रॉटफिंड हा याच जातीतला राक्षस मरताना फुटतो, म्हणून शेवटचा वार झाला की तिथेच उभे न राहता मागे सरावे. त्या स्फोटात त्याच्या शेजारचे सापडत असल्यामुळे, नीट जमवले तर एकाच्या मरणात बाकीच्यांचेही काम भागते. हा प्रकार मला फार आवडतो.

गोरेवाडा_०७

चर्चा चांगली चालली आहे, फक्त एक बाब राहिली. तलवार कोणती काढायची हे शत्रूच्या आयुष्याच्या पट्टीवरून कळते. पट्टी लाल असेल तर पोलादी आणि रुपेरी असेल तर चांदीची. लांडगे आणि अस्वले लाल पट्टीत येतात, त्यांच्यावर चांदीची तलवार वाया घालवू नये.

तेलंगखेडी_ताई

व्हाइट ऑर्चर्ड सोडण्यापूर्वी ग्रिफिन समोर येईलच, म्हणून त्याविषयीही लिहून ठेवते. तो हवेत घिरट्या घालू लागला की त्याच्या खाली पळापळ करण्यात अर्थ नाही. नायकाचा गुरू व्हेसेमिर याने दिलेला क्रॉसबो (आडवे धनुष्य) येथेच कामी येतो. तो उडत असताना बाण लागला की खाली कोसळतो, आणि पडल्यापासून सावरेपर्यंतचा वेळ हीच आपली मोठी संधी असते. त्यानंतर समोर न थांबता त्याच्या बाजूला आणि मागे राहावे, कारण चोच आणि पुढचे पंजे हेच त्याचे खरे शस्त्र आहे. ऑइल हायब्रिड (संकरित राक्षसांच्या) जातीचे लावावे. बाणांची काटकसर मात्र करू नका. साधे बाण संपत नाहीत.