विवाल्दीचा ‘इल गार्देल्लिनो’: फ्लूट झाकला जातोय

प्रश्न: नाशिकला जानेवारीत, संध्याकाळी उघड्या आवारात इटालियन संगीतकार विवाल्दीचा डी मेजरमधला ‘इल गार्देल्लिनो’ (गोल्डफिंच पक्षी) हा फ्लूट कॉन्चेर्तो, म्हणजे एकल फ्लूट आणि वाद्यसमूहाची रचना (ओपस १०, क्रमांक ३), वाजवायचा आहे. चार व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. हार्प्सिकॉर्ड (पियानोआधीचं, तारा छेडणारं पट्ट्यांचं वाद्य) नाही, इलेक्ट्रॉनिक की-बोर्ड आहे. तालमीत फ्लूट ऐकूच येत नाही.

उत्तर १: वादक पुरेसे आहेत, वाढवू नका. सगळा समूह वाजवतो तिथे पहिल्या आणि दुसऱ्या व्हायोलिनच्या ओळीला दोन-दोन जण, फ्लूट एकटा सुरू झाला की दोन्ही ओळींना एकेकच. गज कमी खेचा, दाब काढा. रचनेचा दुसरा भाग तर फक्त फ्लूट आणि बासचा (चेलो आणि की-बोर्डची साथ) आहे; तिथे व्हायोलिनची भर घालायचा मोह होतो, घालू नका. की-बोर्डवर हार्प्सिकॉर्डचा आवाज लावून टच सेन्सिटिव्हिटी (पट्टी जोरात दाबली की आवाज वाढण्याची सोय) बंद करा. सस्टेन पेडल (स्वर लांबवणारं) अजिबात नको. डाव्या हाताने चेलोचीच ओळ, उजव्याने मोजके स्वर.

उत्तर २: आधी सुराचं बघा. थंडीत फ्लूट उतरतो, की-बोर्ड जागचा हलत नाही. खोलीत ४४० हर्ट्झच्या ‘ए’ स्वराला जुळवताना हेडजॉइंट (फ्लूटचा फुंकायचा वरचा तुकडा) थोडा बाहेर ओढलेला असेल, तरच बाहेर गेल्यावर आत ढकलायला जागा उरते. ती नसेल तर की-बोर्डच दोन-तीन हर्ट्झ खाली घ्या आणि सगळ्यांनी त्यालाच जुळवा. फ्लूट शालीत ठेवा. प्रवेशाआधी कळा दाबून आवाज न करता गरम श्वास सोडा.

उत्तर ३: सुरुवातीची पक्ष्याची किलबिल मुक्त लयीची आहे. तिथे मात्रा मोजू नका; चेलोवाल्याने फ्लूटवादकाच्या श्वासाकडे बघून यावं. पुन्हापुन्हा येणारे स्वर जिभेने ‘तु-कु’ म्हटल्यासारखे तोडत, हलके वाजवा.