अनुभव धागा : लाथा झाडणाऱ्या शेळीची धार

उस्मानाबादी, संगमनेरी किंवा सानेन संकर घेऊन नव्यानं धारेला बसणाऱ्यांची तक्रार एकच असते: शेळी उभीच राहत नाही. ज्यांचा हात बसलाय त्यांनी लिहा. ‘मी आणि माझी शेळी’ नको. काय करायचं, किती आणि का, तेवढं सांगा.

संगमनेरहून

जमिनीवर उकिडवं बसून शिकू नका. फळ्यांचा ओटा करा: उंची दीड फूट, लांबी साडेतीन फूट, रुंदी दोन फुटांच्या आत. जास्त रुंद केला की शेळी मागचा भाग फिरवते आणि तुम्ही तिच्यामागे गोल फिरत बसता. एक बाजू भिंतीला लावा. पुढे दोन उभ्या पट्ट्या, मध्ये मानेपुरती साधारण चार इंचांची फट. एक पट्टी खाली बोल्टवर फिरती ठेवा, वर खिटी लावा. त्यापलीकडे खुराकाचं घमेलं. फळीवर गोणपाट ठोकायला विसरू नका. खूर घसरला की शेळी बिचकते आणि बिचकली की पान्हा चोरते.

पहिलारू असेल तर व्यायच्या आधी पंधरा-वीस दिवस रोज ओट्यावर चढवा, मूठभर भरडा द्या, पोटावरून कासेपर्यंत हात फिरवा आणि उतरवा. सड मात्र पिळायचे नाहीत, आतला चीक करडांचा आहे.

बार्शीहून

नव्या माणसाची चूक हातात असते, शेळीत नाही. सड ओढायचा नसतो. अंगठा आणि तर्जनी यांची कडी सडाच्या मुळाशी आवळायची, म्हणजे उतरलेलं दूध परत कासेत चढत नाही. मग मधलं बोट, अनामिका, करंगळी अशी वरून खाली मूठ मिटायची. कडी सोडली की सड पुन्हा भरतो. कडी न आवळता नुसती मूठ दाबली तर दूध वर सरकतं, कळ येते आणि लाथ बसते.

उस्मानाबादीचे सड आखूड, तिथे चार बोटं मावत नाहीत. कडी आणि दोनच बोटं वापरा, धार बारीक येईल, येऊ द्या. अंगठा दुमडून त्याच्या हाडावर सड रगडायची सवय बऱ्याच घरांत आहे, ती सोडा. आतलं अस्तर दुखावतं आणि दगडीला, म्हणजे कास सुजण्याच्या रोगाला, वाट मिळते.

नखं कापलेली हवीत. हिवाळ्यात हात कोमट पाण्यातून काढा.

लातूरहून

पाय बांधायचे की नाही? आमच्याकडे दोन्ही मागचे पाय दोरीनं जखडतात. शेळी मग सरळ बसकण मारते आणि भांडं खाली चिरडतं. त्यापेक्षा डोकं तिच्या बरगडीला टेकवा आणि डाव्या हाताचं कोपर तिच्या मांडीपुढे ठेवा. पाय उचलायच्या आधी मांडीचा स्नायू ताठतो, तो कोपराला कळतो. तेवढ्यात भांडं बाजूला घ्यायचं, पण सड सोडायचा नाही. लाथेनंतर हात काढलात की तिला कळतं, झाडली की सुटका होते. दोन दिवसांत ती पक्की शिकते. मारलंत तर तिसऱ्या दिवशी ती तुम्हाला बघूनच पान्हा चोरेल.

बसतच असेल तर पोटाखाली उलटी बादली सरकवा.

बार्शीहून, पुन्हा

कोपराचं पटलं. एक भर: रुंद पातेलं घेऊच नका. एका हातात लहान मग, एका हातानं धार. तो अर्धा भरला की लांब ठेवलेल्या झाकणाच्या कॅनमध्ये ओता. खूर पडलाच तर पावशेर जाईल, सगळं नाही. मागून धार काढू नका, लेंड्या थेट भांड्यात पडतात.

निफाडहून, पशुवैद्यक खात्यातला

काल शांत असलेली शेळी आज लाथ झाडू लागली तर तो हट्ट नव्हे. कास तपासा. एक बाजू गरम, कडक, दुसरीपेक्षा मोठी? सडाला करडाच्या दातांचे ओरखडे? पहिल्या दोन-तीन धारा काळ्या फडक्यावर सोडा. गुठळ्या किंवा पाण्यासारखं दूध दिसलं तर दगडी समजून डॉक्टर बोलवा. त्या शेळीची धार सगळ्यात शेवटी, हात धुऊन काढा. औषध चालू असताना आणि डॉक्टर सांगतील तेवढे दिवस ते दूध कुणी प्यायचं नाही. कास गार आणि निळसर पडली तर सकाळची वाट बघू नका.

धार झाल्यावर सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा आणि अर्धा तास शेळीला बसू देऊ नका, कारण सडाचं तोंड तेवढा वेळ उघडं असतं. वैरण पुढे टाकली की ती आपोआप उभी राहते.

कुडाळहून

कोकण कन्याळ जातीच्या शेळ्या पाळणाऱ्यांसाठी: पावसात कास ओली राहते, सडांना भेगा पडतात आणि शेळी हात लावू देत नाही. गोठ्यात उचललेली फळ्यांची जमीन करा. कास धुतली की सुती फडक्यानं टिपा, प्रत्येक शेळीला वेगळं फडकं. तेल लावायचं असेल तर धारेनंतर, आधी नाही, बोटं सटकतात.

संगमनेरहून, खुराकाबद्दल

लिटरभर दुधामागे साडेतीनशे ते चारशे ग्रॅम, मका भरडा आणि शेंगदाणा पेंड मिळून. एकदम वाढवू नका, पोट बिघडतं. ओट्यावर सगळा ओतूही नका: ती दोन मिनिटांत चाटूनपुसून घमेलं वाजवायला लागते आणि तुमची निम्मी धार राहिलेली असते. तीन हप्ते करा.

करडं पंधरा दिवसांची झाली की रात्री वेगळी कोंडा, सकाळी धार काढा, मग दिवसभर सोडा. धार मंदावली की करडू ढुशी मारतं तशी मुठीनं कासेला हलकी वर ढुशी द्या आणि परत पिळा. शेवटचं दूध दाट, स्निग्ध असतं, ते आत ठेवलं तर उत्पादन आटत जातं. दूध चौपदरी मलमलीतून गाळून लगेच गार पाण्यात ठेवा. आणि बोकड धारेच्या जागेपासून लांब बांधा, त्याचा वास दुधाला लागतो.