सेन्सर नवा, कोड तोच

इंजिनच्या कूलंटचं तापमान मोजणारा सेन्सर दोनदा नवा टाकूनही एसपीएन ११० एफएमआय ३ हा बिघाडाचा कोड परत येतोय म्हणताय, तर तिसरा आणू नका. एसपीएन सांगतो बिघाड कशात, एफएमआय सांगतो बिघाड कसला. ११० म्हणजे कूलंटचं तापमान आणि ३ म्हणजे सिग्नलचं व्होल्टेज प्रमाणाबाहेर वर. इंजिन तापल्याचा हा कोड नव्हेच, बहुतेक वेळा सर्किट कुठेतरी तुटलेलं असतं.

सेन्सर दोन वायरींचा. ईसीएम, म्हणजे इंजिनचा कंप्युटर, त्याला स्वतःच्या आतल्या रेझिस्टन्समधून ५ व्होल्ट देतो. कूलंट तापलं की सेन्सरचा रेझिस्टन्स उतरतो, व्होल्टेजही उतरतं. वायर तुटली की ५ व्होल्ट तसेच राहतात आणि भर मे महिन्यात ईसीएमला वाटतं इंजिन गोठलंय.

चावी ऑन, इंजिन बंद. सेन्सरचा प्लग काढून हार्नेसच्या (वायरींच्या जुडग्याच्या) बाजूच्या दोन्ही पिना वायरच्या तुकड्याने जोडा. कोड एफएमआय ४ झाला तर वायरिंग ठीक, सेन्सर किंवा प्लगची सैल पिन बघा. ३ च राहिला तर बहुधा हार्नेस, क्वचित ईसीएम. (तीन वायरींच्या प्रेशर सेन्सरवर हा प्रयोग करू नका हां.)

आमच्या खडी क्रशरवरच्या पोकलेनने असंच आठवडाभर नाचवलं. मल्टिमीटर बीप देत होता, म्हणून वायर चांगली समजलो. शेवटी एकाला मीटर बघायला बसवून मी हार्नेस वीतभर-वीतभर हलवत गेलो. इंजिन ब्लॉकमागच्या क्लॅम्पखाली हात गेला आणि बीप थांबली. वरचं कव्हर शाबूत, आत तांब्याचा हिरवा भुगा, एक तार कशीबशी टिकलेली.