मदत हवी आहे: दापोलीजवळ घरच्या जागेत छोटं कॅरॅव्हॅन पार्क काढायचंय, झोन आणि आखणीचे नियम नीट समजून घ्यायचेत

नमस्कार मंडळी,

आमची दापोली तालुक्यात कर्दे-लाडघर पट्ट्यात ६५ गुंठे वडिलोपार्जित जागा आहे, अरुंद आणि लांब, रुंदी जेमतेम ४० मीटर आणि लांबी साधारण १६५, एक तोंड समुद्राकडे आणि दुसरं डोंगराकडे. खालच्या अंगाला नारळ-पोफळी, मधे मोकळं, वर आमचं जुनं चिऱ्याचं घर. सातबाऱ्यावर बाबा आणि मुंबईचे काका दोघांची नावं आहेत. समुद्राकडचा गडगा (दगडी कुंपण) भरतीच्या रेषेपासून अंदाजे १६० मीटरवर येतो (हे मी मोबाईलवर मोजलंय, मोजणी खात्याचं नाही).

गेल्या डिसेंबरात पुण्याहून एक कुटुंब व्हॅन घेऊन आलं होतं, रात्रीपुरती जागा द्याल का म्हणाले, आईने दिली, माणसं चांगली होती, दोन रात्री राहिली, पैसेही देऊन गेली. ते गेल्यावर दोन दिवसांनी कळलं की व्हॅनमधल्या टॉयलेटची टाकी त्यांनी आमच्या बाजूच्या पऱ्याच्या (ओढ्याच्या) कडेला रिकामी केली होती. त्यांना वाईट हेतू नव्हता, टाकी कुठे ओतायची हे आम्ही सांगितलंच नव्हतं आणि आमच्याकडे तशी जागाही नव्हती. पण आमच्या विहिरीवर तीन घरं पाणी भरतात. आईने आठ दिवस पाणी उकळून सगळ्यांना दिलं. तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे की करायचं तर नीट करायचं, नाहीतर नाहीच.

आता आमच्याकडे एक व्हॅन भाड्याने देणारी कंपनी विचारतेय, जागा लीजवर द्या म्हणून. त्यांच्यातर्फे जो सल्लागार आला तो म्हणाला की व्हॅन चाकावर आहे, पाया नाही, म्हणजे बांधकामच नाही, मग कसली एनए (बिगरशेती परवानगी) आणि कसलं सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र), १२ व्हॅन आरामात बसतील. मला हे पटत नाहीये. व्हॅन चाकावर असेल पण संडास, सेप्टिक टँक, रस्ता, विजेचे खांब हे कुठे चाकावर आहेत?

तर माझे प्रश्न असे. खरंच परवानगी लागत नाही का? लागते तर सुरुवात कुठल्या ऑफिसातून करायची? दोन व्हॅनमधे अंतर किती, रस्ता किती रुंद, पाणी-वीज-मैला याचं माप काय धरायचं? परदेशात याचे पक्के नियम आहेत असं ऐकलंय, कोणाला माहिती असतील तर सांगा. आणि १२ खरोखर बसतात का?

समुद्रकाठ

दादा, तुम्ही थांबलात हे फार बरं केलंत. आम्ही गुहागर बाजूला रिसॉर्टच्या वेळी हे सगळं केलंय त्यामुळे सांगतो. चाकावर आहे म्हणून सुटतं हे कागदावर कुठेही नाही. जमीन शेतीसाठी आहे आणि तुम्ही ती धंद्यासाठी वापरणार, म्हणजे वापर बदलला, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ तिथेच लागू होते. पाया असो नसो.

सीआरझेडचं म्हणाल तर १८ जानेवारी २०१९ ची अधिसूचना आहे. त्यात खेड्यापाड्याचा किनारा सीआरझेड-३ मधे येतो आणि त्याचे दोन भाग केलेत. २०११ च्या जनगणनेप्रमाणे दर चौरस किलोमीटरला २१६१ च्या वर लोकवस्ती असेल तर ३-अ, तिथे ना-विकास पट्टा, म्हणजे जिथे नवं बांधकाम नाही तो, भरतीरेषेपासून ५० मीटर. त्यापेक्षा विरळ असेल तर ३-ब, तिथे २०० मीटर. आपल्याकडे वाड्या विखुरलेल्या, तुम्ही २०० धरूनच चाला. म्हणजे तुमच्या जागेचे समुद्राकडचे ४० मीटर त्या पट्ट्यात गेले, ४० गुणिले ४० म्हणजे १६०० चौरस मीटर, सोळा गुंठे. तिथे शेती, बागायत, बगीचा चालतो. नारळ-पोफळी आहेतच तर तसंच ठेवा, व्हॅन तिकडे आणूच नका.

त्याच्या मागे ५०० मीटरपर्यंत सीआरझेड संपत नाही हे लोक विसरतात. तिथे पर्यटनाला परवानगी मिळते पण बीच रिसॉर्टच्या अटी आहेत: प्लॉट कमीत कमी ०.४ हेक्टर, एफएसआय (प्लॉटच्या मानाने एकूण बांधकाम) ०.३३, उंची ९ मीटरच्या आत, वाळूच्या टेकड्या सपाट करायच्या नाहीत, भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत भूजल उपसायचं नाही आणि २०० ते ५०० मधे भूजल खात्याची संमती घेऊन. तुमच्या व्हॅन पार्कला हेच माप लावतील असं धरून प्लॅन करा, म्हणजे नंतर मोडतोड नाही. अर्जात शब्द सरळ लिहा, पर्यटकांसाठी कॅरॅव्हॅन पार्क, कुठे नुसतं पार्किंग वगैरे लिहून बघू नका.

आणि मोबाईलवरचे १६० मीटर विसरा. मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशावर तुमचा सर्व्हे नंबर चढवून घ्यावा लागतो, तो अधिकृत संस्थेकडूनच, चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाची रिमोट सेन्सिंग इन्स्टिट्यूट वगैरे. १० मीटर इकडे तिकडे झालं तर तुमची चार गुंठे जागा आत-बाहेर होते.

सड्यावरचा

वरचं सगळं बरोबर. मी एक वेगळी गोष्ट बघितली, ०.४ हेक्टर म्हणजे जवळपास ४० गुंठे. तुमचे ६५ आहेत म्हणून ठीक, पण नावं दोन आहेत. काका वाटणी मागतायत का? कारण फोड झाली की ३२-३२ गुंठे होतील आणि दोघंही त्या अटीत बसणार नाहीत. राज्याचं २०२० चं कृषी पर्यटन धोरण आहे, तिकडून जायचं म्हटलं तरी कमीत कमी एक एकर लागतं, म्हणजे तोही रस्ता बंद. त्यामुळे आधी काकांना गावी बोलवा, चहा पाजा, कागद दाखवा, सहहिस्सेदार म्हणून त्यांची सही आणि नफ्यातला वाटा दोन्ही लिहून ठेवा. भावकीत हे तोंडी ठेवलं की पुढच्या पिढीत कोर्ट.

दुसरं, सातबाऱ्याच्या इतर हक्कात बघा, कूळ कायदा कलम ४३ चा शेरा आहे का. असेल तर कंपनीला लीजवर देण्याआधी परवानगीचा प्रश्न येतो. माझं मत विचाराल तर लीजवर देऊच नका. जमीन तुमची, विहीर तुमची, तक्रार आली तर तलाठी तुमच्या दारात येणार, कंपनीच्या नाही.

कॅरॅव्हॅन पर्यटनाचं राज्याचं स्वतंत्र धोरण २०२१ मधे आलंय, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी असते. पण ती नोंदणी म्हणजे जमिनीची परवानगी नव्हे, हे दोन वेगळे रस्ते आहेत आणि दोन्ही चालावे लागतात. क्रम मी असा धरीन, मोजणी, मग सीआरझेड नकाशा, मग नगररचनाकडून झोन दाखला, ग्रामपंचायत, आणि मग बाकीचं. डिसेंबर २०२० पासून आखणीला यूडीसीपीआर, म्हणजे राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, लागते, तेव्हा आर्किटेक्ट असा बघा की ज्याने दापोली-गुहागरात काम केलंय.

दूरदेशी

नमस्कार. माहेर हर्णै, सध्या अमेरिकेत. आम्ही दर उन्हाळ्यात व्हॅन घेऊन फिरतो म्हणून इकडचं सांगते. इथे झोनिंग देशाचं एकच नसतं, प्रत्येक काउंटी किंवा शहर आपलं ठरवतं, एकरी किती जागा, शेजारच्या हद्दीपासून किती मागे, पाहुण्याने सलग किती दिवस राहायचं, आणि मैल्याची टाकी रिकामी करायची सोय, त्याला डंप स्टेशन म्हणतात. राहण्याच्या दिवसांना मर्यादा यासाठी की पार्कची हळूहळू कायमची वस्ती होऊ नये. आखणी आणि आगीच्या सुरक्षेसाठी एनएफपीए ११९४ नावाचं स्टँडर्ड आहे, ते मुद्दाम व्हॅन पार्क आणि कॅम्पग्राउंडसाठीच लिहिलंय. विजेचं त्यांच्या इलेक्ट्रिकल कोडच्या ५५१ कलमात. पण तिथली ३० आणि ५० अँपिअरची खोकी १२० आणि २४० व्होल्टवरची, ते आकडे उचलून दापोलीत लावू नका.

मापं म्हणून मला ब्रिटनची जास्त उपयोगी वाटतात कारण जागा लहान असते. तिकडे कॅरॅव्हॅन साइटला लायसन्स १९६० च्या कायद्यापासून लागतं आणि नमुना नियमात दोन कॅरॅव्हॅनमधे ६ मीटर, हद्दीपासून ३ मीटर, रस्ता ३.७ मीटर, आणि कुठल्याही कॅरॅव्हॅनपासून आग विझवायचं साहित्य ३० मीटरच्या आत. ६ मीटर हे शोभेसाठी नाहीत. व्हॅनमधे गॅस सिलिंडर असतो, भिंती पातळ असतात, एकीला आग लागली तर दुसरीपर्यंत जाऊ नये म्हणून. आपल्याकडे एप्रिलमधे वाळलेल्या झावळ्या आणि सुरूचा पाला कसा पेटतो तुम्हाला माहितीये, तेव्हा ६ च्या खाली येऊच नका. त्या मधल्या पट्ट्यात गाडी, तंबू, लाकडाची मोळी काही ठेवू द्यायचं नाही.

आणि पऱ्याच्या प्रकाराबद्दल. व्हॅनच्या टॉयलेटमधे निळं औषध घालतात, त्यातल्या काही प्रकारांत फॉर्मल्डिहाइड असतं, ते सेप्टिक टँकमधले जंतू मारतं आणि टँक काम करेनाशी होते. त्यामुळे घराच्या टँकला जोडू नका, व्हॅनसाठी वेगळी बंद टाकी ठेवा, उपसून न्यायची. प्रवेशालाच मराठी-हिंदीत बोर्ड लावा आणि माणूस बरोबर जाऊन दाखवू दे. सांगितलं तर लोक ऐकतात, तुमच्याकडे आलेलं कुटुंबही ऐकलं असतं.

समुद्रकाठ

ताईंचा टाकीचा मुद्दा सोन्यासारखा. त्यात भर, सेप्टिक टँकच्या पुढचा शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून कमीत कमी १८ मीटर हवा, आयएस २४७० या सेप्टिक टँकच्या भारतीय मानकात आहे. पण जांभ्यात भेगा असतात, पाणी कुठून कुठे निघेल सांगता येत नाही, आणि खाली भाटीची वाळू, ती तर चाळणीच. मी १८ ऐवजी ३० तरी ठेवीन आणि विहिरीच्या उताराकडच्या अंगाला, वरच्या नाही. पऱ्यात भरतीचं पाणी येतं का तेही बघा. मे महिन्यात खारटपणा ५ पीपीटीच्या (हजार भागांत पाच भाग मीठ) वर निघाला तर तोही सीआरझेडमधे, मात्र पट्टा ५० मीटर किंवा पऱ्याची रुंदी यातलं जे कमी ते, म्हणजे तुमचा पऱ्या तीन-चार मीटर रुंद असेल तर तेवढाच.

नारळाखाली व्हॅन लावायची नाही. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नसेल पण नारळ किंवा झावळ छतावर पडली तर फायबरचं छत फुटतं, माणूस बाहेर बसला असेल तर विचारूच नका. वीजजोडणीत प्रत्येक जागेला १६ अँपिअरचा एक पॉइंट, स्वतःचं ३० मिलीअँपिअरचं आरसीसीबी (वीजगळती झाली की प्रवाह तोडणारा स्विच), वेगळं अर्थिंग, आणि खोकं लोखंडी नको, खाऱ्या वाऱ्यात दोन पावसाळे टिकत नाही. एका पॉइंटवर सुमारे साडेतीन किलोवॅट, महावितरणकडे लोड मागताना एसी धरून मागा.

पावसाळ्यात बंद ठेवा. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, ३ जून २०२० चं निसर्ग आणि मे २०२१ चं तौक्ते दोन्ही तुम्ही भोगलंय. मे अखेरला सगळ्या व्हॅन बाहेर, हे करारातच लिहा.

सड्यावरचा

किनाऱ्याकडे दिवे लावू नका, लावलेच तर खाली झुकलेले, मंद पिवळसर. वेळास, आंजर्ल्याला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात आणि पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात, समुद्राऐवजी तुमच्या बागेत येतील. तुमच्या पुळणीवर कासव येत असेल नसेल, सवय लावून ठेवा.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. रविवारी आम्ही दोघं भाऊ आणि बाबांनी फक्की टाकून आखून बघितलं. समुद्राकडचे ४० मीटर सोडले, विहिरीभोवती ३० मीटरचं वर्तुळ सोडलं, पऱ्याची कड सोडली, घराचं अंगण आणि नारळाची ओळ सोडली, मधून ३.७ मीटरचा रस्ता काढला, दोन्ही गडग्यांपासून ३ मीटर आणि दोन व्हॅनमधे ६. सात बसतात. गावातला एक ट्रॅव्हलरवाला बोलावून प्रत्यक्ष गाडी फिरवली तर एका जागेत तिला वळताच येईना, म्हणजे सहा. सल्लागार म्हणाला ते १२ कुठून आले मला कळत नाही. कंपनीला नाही म्हणून कळवलं, बाबा म्हणाले सहा तर सहा, आपलं आपण बघू.

काकांना फोन केला. त्यांना वाटणी हवी होतीच, पण ३२ गुंठ्यांचा हिशोब ऐकून गप्प झाले, गणपतीला येतो तेव्हा बसू म्हणाले. पहिल्यांदाच इतकं शांत बोलणं झालं.

कलम ४३ चा शेरा नाही, बघितलं. पण एक नवीन अडचण निघाली. ना-विकास पट्ट्यातल्या त्या ४० मीटरमधे आजोबांच्या वेळची दुसरी एक विहीर आहे, तिच्यावर रहाट होता, बागेचं शिंपणं तिथूनच व्हायचं. आता ती बुजत आलीये. बागेसाठी तिचा गाळ काढून पुन्हा बांधून घ्यायची तर सीआरझेडची वेगळी परवानगी लागते का, की जुनी विहीर आहे म्हणून दुरुस्तीत बसेल? सातबाऱ्यावर तिची नोंद आहे. कोणी केलं असेल तर कुठल्या कागदावर झालं ते सांगा, पावसाआधी गाळ काढायचाय.