डंपलिंग खायला बसलो तेव्हा... नागपूरकरांनो, अनुभव लिहा

झिरो माईल
गाडीवर उभ्यानं खाल्लेले मोमो सगळ्यांनाच माहीत आहेत. मला दुसऱ्या जागांबद्दल वाचायचंय. चार-सहा टेबलांचं छोटं हॉटेल, काचेपलीकडे कोणीतरी पाऱ्या लाटतंय, बांबूच्या टोपल्या वाफेवर चढल्या आहेत, अशा ठिकाणी बसून चिनी डंपलिंग खाल्ले असतील तर लिहा. कोणाबरोबर गेलात, काय मागवलंत, कुठे अडलं, काय जमून आलं. हॉटेलांची नावं नकोत, नाहीतर धाग्याची जाहिरात होते.

सुरुवात मी करते. सदरमधल्या अशा एका जागी आम्ही आईला घेऊन गेलो. आई अंडंही खात नाही, भावाला चिकनशिवाय चालत नाही, आणि आमच्या घरात बाहेर जेवायला जायचं म्हटलं की इथेच गाडी अडते. इथे दोघं समोरासमोर बसून पोटभर जेवले. आईची कोबी-गाजर-मशरूमची टोपली वेगळी आली, भावाची वेगळी. आई बराच वेळ काचेकडे बघत होती. तिथली मुलगी पारीची कड पातळ आणि मधला भाग जाड ठेवत होती, म्हणजे सारण भरलं तरी बूड फाटत नाही. आई म्हणाली, "मोदकाची पारी पण अशीच करावी लागते गं. हिचा हात चांगला आहे."

माझं ठाम मत: हा पार्सल न्यायचा पदार्थ नाहीच. डब्यात वाफ कोंडते, पारी चिकट होते, घरी उघडेपर्यंत एकाला उचललं की दुसऱ्याची साल निघून येते. आणि चार टोपल्या एकदम मागवू नका. एक संपत आली की दुसरी सांगा.

अंबाझरीकर
वाफेवरच्यांपेक्षा मला तव्यावरचे जास्त आवडतात. चिनीत त्यांना ग्वोतिए म्हणतात. आम्ही ऑफिसातले मित्र शुक्रवारी धरमपेठेत जातो, आणि तिथला आचारी ते कसे करतो हे बघण्यासाठी मी मुद्दाम काचेजवळची खुर्ची धरतो. सपाट कढईत थोडं तेल, त्यात डंपलिंग ओळीनं मांडायचे, खालून बदामी रंग येऊ द्यायचा. मग कपभर पाणी ओतून लगेच झाकण. पाणी आटेपर्यंत वरची बाजू वाफेवर शिजते. पाणी संपलं की आवाज बदलतो, चुरचुर परत सुरू होते, तेव्हा झाकण काढून बूड पुन्हा कुरकुरीत करायचं. बशीत ते उलटे, कुरकुरीत बाजू वर करून येतात. सुलटे वाढले तर बशीतल्या ओलाव्यानं बूड मऊ पडतं आणि सगळी मेहनत वाया जाते.

खामला
झिरो माईल ताई, पार्सलचं पूर्ण पटलं नाही. घरी लहान बाळ आहे, संध्याकाळी बाहेर बसून जेवणं सध्या शक्य नाही. आमच्या भागातल्या हॉटेलात विचारलं तर ते न शिजवलेले, गोठवलेले डंपलिंग द्यायला तयार झाले. घरी इडलीपात्रात कोबीची पानं अंथरून उकडते. फ्रीझरमधून काढून थेट वाफेवर ठेवायचे. आधी बाहेर काढून ठेवले तर पारी ओली होऊन पानाला चिकटते.

झिरो माईल
मान्य. शिजवलेलं पार्सल नको, कच्चं चालेल.

हार्बिनहून परत
मी एमबीबीएस चीनमध्ये, ईशान्येकडच्या हार्बिनला केलं. तिथे थंडी उणे 30 पर्यंत जाते आणि कॅन्टीनमध्ये सगळ्यात मोठी रांग जिआओझीची. उत्तर चीनमध्ये डंपलिंग म्हणजे मुख्यतः हे, आणि बहुतेक वेळा पाण्यात उकळलेले. छोट्या खानावळीत ते नगावर मागवत नाहीत, 'लियांग'वर मागवतात. एक लियांग म्हणजे 50 ग्रॅम, आणि हे वजन पिठाचं धरतात. नवीन मुलं आकडा ऐकून भरपूर मागवतात आणि टेबलावर डोंगर येतो.

दोन दिवस मला विशेष आठवतात. एक डिसेंबरमधला, वर्षातल्या सर्वात मोठ्या रात्रीचा. त्या दिवशी जिआओझी खाल्ले नाहीत तर थंडीनं कान गळून पडतात असं तिथल्या आज्या सांगतात. दुसरा त्यांच्या नववर्षाच्या आदली रात्र. मैत्रिणीच्या घरी मला बोलावलं होतं. आजोबा लाटत होते, बाकी सगळे भरत होते. जुन्या काळच्या सोन्याचांदीच्या लगडीसारखा आकार म्हणून ते पैशाचं लक्षण मानतात. एखाद्यात नाणं लपवतात आणि ज्याच्या वाट्याला येईल त्याचं वर्ष चांगलं जातं म्हणतात. माझ्या घरापासून इतक्या लांब मला कोणी पाटावर बसवून भरायला सारण दिलं, ते मी कधीच विसरणार नाही.

नागपूरला आल्यावर इथल्या एका हॉटेलात उकळलेले जिआओझी मिळाले तेव्हा मी सोबत त्यांचं उकळलेलं पाणीही मागितलं. तिकडे जेवणानंतर ते कपातून पितात, पोटाला हलकं वाटतं म्हणून. मालकांनी कारण विचारलं, मी सांगितलं, आणि त्यांनी स्वतः कप आणून दिला. आता जाते तेव्हा न मागता देतात.

इतवारी
आम्ही जैन. ज्यांना शाकाहार काटेकोर पाळायचा आहे त्यांच्यासाठी लिहितो. 'व्हेज' लिहिलेलं सारण पाहून थांबू नका, सॉस विचारा. ऑयस्टर सॉस शिंपल्यांचा असतो आणि भाज्यांच्या सारणात चवीसाठी सर्रास पडतो. दुसरा प्रश्न टोपल्यांचा. टोपल्या एकावर एक रचल्या जातात, खालच्या चिकनची वाफ आणि थेंब वरच्या टोपलीपर्यंत जातात. एका ठिकाणी वेटरनं उडवून लावलं, "सब सेम है" म्हणाला, आम्ही उठून आलो. दुसऱ्या ठिकाणी मालकीणबाईंनी वेगळी शेगडी दाखवली आणि कांदा-लसूण न घालता पनीर-कोबीचं सारण समोर कालवून दिलं. त्या बाईंकडे आम्ही सगळे भाऊ आपापल्या कुटुंबासह जातो.

तर्री पोहे
मी महालातला. आमच्या घरी सावजी रस्सा आठवड्याले होतेच, म्हणून मले वाटलं हे वाफेवरचं खानं फिकं लागन. बायको म्हणे, चला तर खरं. तिथं टेबलावर लाल तेलाची बरनी होती. तिखटाचं तर होतंच, पन जिभेले झिनझिन्या येत होत्या. इचारलं तर म्हने सिचुआनची मिरी आहे. कोकनातलं तिरफळ तिच्याच जातकुळीतलं आहे, हे माह्या साडूनं सांगतलं. तेल चमचाभर घ्या, त्यात काळं व्हिनेगर आनि सोया थोडं थोडं घाला, मंग डंपलिंग नुसतं टेकवा. बुडवलं तर आतलं सारन हरवते बावा. भिवापुरी मिरचीचं असं तेल आता आमच्याच घरी बनते.

नवेगावबांधच्या वाटेवर
एक विनंती: मोमो आणि चिनी डंपलिंग एकाच मापानं मोजू नका. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी-मोरगाव तालुक्यातल्या गोठणगावला तिबेटी लोकांची वसाहत आहे, 1972 पासून. नवेगावबांधला पक्षी बघायला जाताना आम्ही तिथे थांबतो. तिथल्या मोमोची पारी जाड असते, सोबत वाटीभर पातळ सूप. थंडीत राबणाऱ्या माणसाचं जेवण आहे ते. शांघायकडच्या शिआओलोंगबाओची पारी नाजूक, आत रस्सा. जाड पारी म्हणजे वाईट कारागिरी असं इथे कोणी म्हणू नये म्हणून लिहिलं.

संत्रा बर्फी
आत रस्सा असलेले एकदाच खाल्ले, वर्धा रोडला. रस्सा ओतत नाहीत. हाडांचा-कातडीचा अर्क थंड करून त्याची जेली बनवतात, ती सारणात मिसळतात, वाफेवर ती वितळते. चमच्यात ठेवून बाजूला छोटा चावा घ्यायचा, वाफ जाऊ द्यायची, रस्सा प्यायचा, मग आल्याचे तुकडे ठेवून बाकीचं खायचं. सोबत लहान मुलं असतील तर त्यांच्यासाठी आधी तुम्ही फोडून द्या, आतला रस्सा फार कढत असतो.

पाटामागची
मी ग्राहक नाही, अशाच एका हॉटेलात पाऱ्या लाटते. घर सक्करदऱ्याला. वाचून बरं वाटलं की लोक काचेतून बघतात.

नागपूरच्या उन्हाळ्यात हे काम अवघड आहे. मे महिन्यात पारा 45 च्या वर, हवा कोरडी, आणि पाटावर पंखा लावता येत नाही कारण क्षणात पारीची कड वाळते. वाळलेली कड चिकटत नाही, मग वाफेवर तोंड उघडतं. म्हणून गोळ्यांवर सतत ओलं फडकं, आणि एका वेळी थोड्याच पाऱ्या लाटायच्या. वाफेवरच्या डंपलिंगचा मैदा गरम पाण्यात मळतो, तो मऊ राहतो. उकळायच्यांचा थंड पाण्यात, तो उकळत्या पाण्यात टिकतो. कोबीला मीठ लावून पिळून काढला नाही तर सारण पाणी सोडतं. पावसाळ्यात कोबी जास्तच पाणी सोडतो, तेव्हा दोनदा पिळते.

टोपली उशिरा आली तर कोणी ओरडतं, कोणी समजून घेतं. आधी भरून ठेवलेले दिले तर लवकर येईल, पण बूड ओलं झालेलं असतं. आमच्या मॅडम ते देऊ देत नाहीत आणि मला ते पटतं.

खामला
ताई, किती नीट सांगितलंत. रविवारी सासूबाई आणि मी घरीच भरून बघणार आहोत. भरलेले ताटात ठेवताना खाली काय पसरू, मैदाच ना?

पाटामागची
मैदा ओल धरतो आणि लगदा होतो. कॉर्नफ्लोअर भुरभुरवा. एकमेकांना टेकू देऊ नका, आणि ताट तसंच फ्रीझरमध्ये ठेवा. कडक झाले की मग पिशवीत भरा.